वाट कुणी सोडायची?

(दृश्य : पहाटेचा नान्नजचा माळ. गवतावर ऊन. लांबवर विजेच्या तारा.)

सोलापूरपासून तासाभराच्या आत हा माळ लागतो. माळढोकाचं अभयारण्य. पक्षी चांगला वजनदार, नर तर 15 किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून समोरची तार उशिरा दिसते. दिसली तरी एवढं अंग चटकन वळत नाही आणि पक्षी तारेवर आदळतो.

हा माळ डोळ्यांपुढे ठेवूनच समुद्राकडे जाऊ. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. आशा डी वॉस यांच्याकडे.

(दृश्य : निळं पाणी. उंच उडालेला फवारा.)

लहानपणी घरी नॅशनल जिऑग्राफिकचे जुने, वापरलेले अंक यायचे. समुद्राचं वेड तिथलं. 2003 साली एका संशोधन-जहाजावर पडेल ते काम करत असताना आशा यांना श्रीलंकेजवळ 6 निळे देवमासे एकत्र दिसले. शेजारी पाण्यावर तरंगत होती त्यांची लालभडक विष्ठा.

त्या विष्ठेपाशीच त्यांचं आयुष्य वळलं. पुस्तकं सांगत होती, हे प्राणी पोट भरायला थंड समुद्रात जातात. पण विष्ठा इथं, म्हणजे खाणंही इथंच. विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यात त्यांचं जेवण चाललेलं! काय खातात, तेही पुढे उलगडलं : बारीक कोळंबी. आपल्या बाजारात सुका जवळा मिळतो ना, त्याच कुळातली. आणि ती विष्ठा समुद्राचं खत. तिच्यातल्या लोहावर सूक्ष्म वनस्पती वाढतात. शेणखत टाकून ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाला हे वेगळं समजवायला नको.

2008 मध्ये त्यांनी या देवमाशांचा अभ्यास प्रकल्प उभा केला. समुद्री सस्तन प्राण्यांवर डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या श्रीलंकन. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी यायचं, नोंदी घेऊन परत जायचं, हे त्यांना कधीच पटलं नाही. किनाऱ्यावरचीच पोरं शिकली पाहिजेत, यासाठी त्यांनी ओशनस्वेल ही संस्था काढली.

(दृश्य : कंटेनरांनी लादलेलं अजस्र जहाज.)

देवमासे चरतात तिथूनच जगातला एक अतिशय गजबजलेला जहाजमार्ग जातो. दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या, तेवढा हा जीव. श्वासासाठी वर येतो आणि जहाजाखाली सापडतो.

आशा आणि त्यांच्यासारखे अनेक जण वर्षानुवर्षं एकच मागत राहिले : मार्ग थोडा दक्षिणेला सरकवा. 2022 मध्ये एमएससी या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीनं आपली जहाजं सुमारे 15 सागरी मैल दक्षिणेला वळवली.

(दृश्य : पुन्हा नान्नज. वाऱ्यानं हलणारं गवत, वर ताणलेल्या तारा.)

तारा जमिनीखालून नेता येतात.