हनुवटीवरचे मुरूम आणि खाण्याचा हिशेब

(पडद्यावर: एकसारख्या दिसणाऱ्या दोन वड्या.)

१९६९ साल. अमेरिकेत मुरूम असलेल्या ६५ जणांना रोज एक वडी खायला दिली गेली. चार आठवडे जी वडी दिली, तिच्यात नेहमीच्या दसपट चॉकलेट होतं. दुसऱ्या चार आठवड्यांतली वडी दिसायला तशीच, पण चॉकलेट नसलेली. मुरूम मोजले गेले. फरक पडला नव्हता.

मग पुढची तीन-चार दशकं त्वचारोगतज्ज्ञ सांगत राहिले, काय हवं ते खा, मुरुमांचा त्याच्याशी संबंध नाही. त्या दुसऱ्या वडीत काय होतं हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. तिच्यात साखर होती आणि भरपूर वनस्पतिजन्य चरबी. साखरेची तुलना साखरेशीच झाली होती! चॉकलेट निर्दोष सुटलं खरं, पण बाकीचं खाणं कधी पिंजऱ्यात उभंच राहिलं नव्हतं.

(पडद्यावर: हनुवटी आणि जबड्याची कड, अगदी जवळून.)

हार्मोनल म्हणतात ते मुरूम बहुधा इथे येतात. खोल, दुखरे, बोट लावलं तरी ठणकणारे. अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात. वयात येताना येऊन गेलेले, आणि मग पंचविशी-तिशीत पुन्हा उगवलेले.

त्वचेत केसाच्या मुळाशी छोटी तैलग्रंथी असते. पुरुषी म्हणवले जाणारे हार्मोन, म्हणजे अँड्रोजन, बायकांच्या शरीरातही असतात आणि ही ग्रंथी त्यांचा हुकूम मानते. हुकूम आला की तेल वाढतं, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटतात, आत जिवाणू वाढतात, सूज येते. गंमत अशी, की अनेकींच्या रक्त-तपासणीत अँड्रोजन अगदी ठीक असतात. ग्रंथीच जास्त हळवी असते.

या साखळीत खाणं शिरतं ते इन्सुलिनच्या वाटेने. झटकन पचणारं गोड किंवा मैद्याचं खाल्लं, की रक्तातली साखर उसळते आणि मागोमाग इन्सुलिन. इन्सुलिन जास्त राहिलं की यकृत एक प्रथिन कमी बनवतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवत असतं. त्याची पकड सैल झाली, की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. इन्सुलिनमुळे बीजांडकोशही जास्त अँड्रोजन बनवू शकतात. शिवाय आयजीएफ-१ नावाचा, वाढीला चालना देणारा आणि इन्सुलिनसारखाच एक हार्मोन मोकळा होतो आणि तैलग्रंथीला आणखी चेव आणतो. लॅरॉन सिंड्रोम या दुर्मीळ विकारात जन्मापासून आयजीएफ-१ फारच कमी असतो. अशा माणसांत मुरूम क्वचितच दिसतात.

(पडद्यावर: समुद्र, एक लहान बेट.)

पापुआ न्यू गिनीतलं किटावा बेट. इथल्या सुमारे १,२०० जणांना तपासलं, त्यांत ३०० जण १५ ते २५ वयाचे. मुरूम एकालाही नव्हते. २००२ साली हे प्रसिद्ध झालं आणि जुना प्रश्न पुन्हा उघडला. बेटावरचे लोक खायचे कंदमुळं, फळं, मासे, नारळ. पण किटावाच्या माणसाचं खाणंच काय, झोप, ऊन, श्रम आणि जनुकंही वेगळी. त्यामुळे या बेटावरून आहाराचा तक्ता बनवून विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

जास्त वजनदार पुरावा आला ऑस्ट्रेलियातून, २००७ साली. ४३ तरुण, १२ आठवडे. एका गटाला साखर हळूहळू चढवणारं, जास्त प्रथिनांचं खाणं. त्यांचे मुरूम सरासरी २३ ते २४ने घटले, तर दुसऱ्या गटाचे १२ने.

इथे जरा थांबू. दुसऱ्या गटाने असा काही आहार पाळला नव्हता, तरी १२ मुरूम गेलेच. मुरूम आपणहून वरखाली होतात, आणि 'मी अमुक सोडलं आणि चेहरा साफ झाला' या प्रत्येक गोष्टीत हा आपोआप गेलेला वाटा लपलेला असतो. आहार बदललेल्या गटाचं वजनही उतरलं होतं, म्हणजे श्रेय नेमकं कशाचं? आणि सगळ्यांत खटकणारी गोष्ट अशी, की ते ४३ जण सगळे पुरुष होते. पाळीशी बांधलेले मुरूम ज्यांना छळतात, त्यांच्यातली एकही त्यात नव्हती.

दुधाचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक परिचारिकांना शाळेत असताना काय खात होता ते विचारलं होतं. जास्त दूध पिणाऱ्यांत त्या वयात तीव्र मुरूम जास्त आढळले, आणि संबंध साय काढलेल्या दुधाशी जास्त घट्ट होता. म्हणजे संशय स्निग्धांशावरून उठून प्रथिनांवर गेला. दुधाने साखर फार चढत नाही, पण इन्सुलिन चांगलंच चढतं. व्यायामशाळेतल्या व्हे पावडरीनंतर, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या भुकटीनंतर, मुरूम उसळल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. तरीही कैक वर्षांपूर्वीचं खाणं आठवून सांगितलेली ती माहिती, तिच्या जोरावर सगळ्यांचं दूध तोडणं मला पटत नाही.

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४च्या मार्गदर्शनात आहाराबद्दल शिफारस करायला पुरावा अपुरा असल्याचं म्हटलंय. माझं मत विचाराल, तर करून पाहण्यासारखं एकच आहे: गोड पेयं आणि मैदा कमी, त्यांच्या जागी डाळी, भाज्या, अख्खी धान्यं. रोज व्हे पावडर घेत असाल तर ती थांबवून पाहा. सगळं एकाच दिवशी सोडू नका, नाहीतर उपयोग कशाचा झाला ते कळणार नाही.

आणि १२ आठवडे द्या. आज वर आलेल्या मुरुमाची सुरुवात त्वचेच्या आत काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते, त्यामुळे कालच्या केकला आजची पुटकुळी चिकटवण्यात अर्थ नाही. तीन पाळ्यांची नोंद ठेवा. त्याच उजेडात, त्याच बाजूने काढलेले फोटो.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर १२ आठवडे थांबू नका. पीसीओएस, म्हणजे अँड्रोजन वाढवणारा आणि पाळी बिघडवणारा बीजांडकोशांशी संबंधित विकार असू शकतो, आणि त्याची तपासणी आधी. व्रण उरत असतील तरी तेच, कारण व्रण पडल्यावर तो मिटवणं अवघड. रेटिनॉइड मलमं (अ जीवनसत्त्वाच्या कुळातली), संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या (दोन हार्मोनच्या), स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजनला अडवणारी गोळी) यांचा पुरावा आहारापेक्षा कितीतरी भक्कम आहे. यांतली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून गर्भधारणेचा विचार असेल तर तो डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचा.

(पडद्यावर: वहीत आखलेला तक्ता, बारा ओळी. पहिली भरलेली.)