मासे धुतलेलं पाणी जातं कुठे?

नमस्कार मंडळी! आमच्या कोकणात मासे धुतलेलं पाणी मोरीत जात नाही, कढीपत्त्याच्या नाहीतर माडाच्या बुंध्यात जातं. आजीला नायट्रोजन हा शब्द ठाऊक नव्हता, पण झाड कशाने तरारतं ते पक्कं माहीत होतं.

आता हेच पाणी रोज लाखो लिटर निघालं तर? रत्नागिरी, तळोजा, तिकडे गुजरातेत वेरावळ, इथल्या मासळी कारखान्यांचा हा रोजचा प्रश्न. सुरिमीचंच बघा. राणी माशाचा खिमा करायचा आणि रक्त, चरबी, विरघळणारी प्रथिनं निघून जाईपर्यंत गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा. खेकड्याच्या म्हणून विकतात ना त्या कांड्या, त्यात खेकडा नावालाच. असतो तो हा लगदा. बाकी सगळं पाण्यात.

हे पाणी तसंच खाडीत सोडलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. किती संपवतील, त्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्यात तो लिटरमागे २००-३०० मिलिग्रॅम. मासळीच्या पाण्यात हजाराच्या पुढे सहज जातो. नदीनाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा ३०, समुद्रात १००.

मग ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, काय करतात? आधी जाळी: खवले, शेपट्या, कोळंबीची सालं तिथे अडतात. मग डॅफ, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी चरबी तरंगवायची टाकी. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे कसे वर येतात? तसंच, दाबाखाली हवा मुरवलेलं पाणी टाकीत सोडायचं. बारीक बुडबुडे चरबीला चिकटून तिला वर आणतात, वरची साय खरवडून काढायची. उरलं ते विरघळलेलं. त्याला जाळी नाही, बुडबुडा नाही. तिथे जिवाणूच लागतात, फक्त खाडीतले नाहीत, आपल्या टाकीतले, ब्लोअरने हवा देऊन पाळलेले.

आणि हे पाळीव प्राणी फार नाजूक. खारटपणा आज कमी, उद्या दुप्पट झाला की मान टाकतात. रात्रपाळीने फरशी धुताना क्लोरीनचा हात सैल सोडला की अर्धी टाकी गार. म्हणून आधी सगळं पाणी एका मोठ्या टाकीत एकत्र करून, ढवळत ठेवून, सारख्या धारेने पुढे सोडतात. न ढवळता नुसतं साठवलं तर मात्र ते सडून वास सुटतो आणि शेजारचं गाव शिव्या घालणार, आणि रास्तच!

माझं विचाराल तर खरा पैसा फरशीवर वाचतो. आतडी, तुकडे, रक्त आधी रबराच्या फावड्याने कोरडं ओढून घ्या, पाइप नंतर. फरशीवरचा तुकडा फिशमीलवाला (माशांची भुकटी करणारा) विकत नेतो. तोच गटारात गेला की विरघळतो, आणि मग त्याच्यासाठी ब्लोअर फिरवायचं वीजबिल तुमचं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात सापडणार नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. मासळी नाही, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंना उपास! मग ऑपरेटर त्यांना गुळाच्या पाण्यावर जगवतो. तरीही टाकीतले जिवाणू मेलेच, तर जुलैअखेर चालू एसटीपीतून (घरगुती सांडपाण्याच्या केंद्रातून) जिवंत जिवाणूंच्या गाळाचा टँकर येतो, वर ताज्या शेणाचा काला. बंदरात होड्यांना रंग लागत असतो, तेव्हा हा गडी शेण कालवत असतो. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मासळीचं पाणी एकदम सोडू नका, रोज थोडं थोडं वाढवा. उपास सोडताना आपण तरी थेट मटणावर बसतो का?