मालक कोण, सही कुणाची

(बेळगावात वडगाव भागात महिलांपुढे एका वकील बाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

आपल्याकडे नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे. ‘आमचे मालक मागावर बसलेत’, असं. वकिली नवीन होती तेव्हा या शब्दानं माझी चांगली फजिती झाली. साक्षीला आलेल्या एका काकींना मी विचारलं, घराचे मालक कोण? त्या म्हणाल्या, हे काय, मागं बसलेत की! उताऱ्यावर निम्मं घर काकींच्या नावावर होतं, आणि मी त्यांच्याच तोंडून ते घालवायला निघाले होते.

नवरा-बायकोचं दिवाळं निघालं तर दोघांच्या नावावरच्या घराचं काय होतं, हे मला खूप जणी विचारतात. काहींना वाटतं, दोघांचं नाव आहे म्हणजे घराला कुणी हात लावू शकत नाही. काहींना वाटतं, मालक बुडाले म्हणजे सगळं गेलं. दोन्ही चूक. उताऱ्यावरचं नाव हा एक कागद आणि कर्जाच्या फॉर्मवरची सही हा दुसरा. पहिला तुम्ही ट्रंकेत जपून ठेवता. दुसऱ्याची झेरॉक्ससुद्धा घरात नसते.

याच भागातलं एक घर सांगते. गल्ली सांगत नाही, ओळखाल. चौदा फूट रुंदी, पुढच्या खोलीत दोन माग, मागं स्वयंपाक आणि मोरी. सुताची उधारी, हातउसने, सगळं मालकांच्या एकट्याच्या नावावर. घर मात्र दोघांच्या नावावर, आणि गहाण नव्हतं. धंदा बसला आणि त्यांनी नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला. साध्या माणसाला आपल्याकडे अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा लागतो. २०१६ चा नवा कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता सुरू झालाय. उद्यमबागेतला कारखानदार कंपनीला जामीन राहिला तर त्याचं प्रकरण तिकडं जातं. तिथं शहरातलं २० लाखांपर्यंतचं, बोजा नसलेलं एक राहतं घर वगळतात. टिळकवाडीत २० लाखांत काय येतं, ते तुम्हीच सांगा. जुन्या कायद्यात तर अर्जासाठी किमान देणं ५०० रुपये लिहिलंय. आज त्यात धड नऊवारी येत नाही.

तर, नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता कोर्टाकडं किंवा ती सांभाळायला कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडं जाते. त्या माणसाची, त्याच्या बायकोची नाही. मालकांचं जेवढं होतं तेवढंच रिसीव्हरला मिळतं. मग समोरचा वकील उठला, म्हणाला, बाईनं घरात घातलंय काय? खरेदीखतात हिस्से लिहिले नसतील तर कुणी किती पैसे घातले यावर हिस्सा ठरतो, पुरावाच नसेल तर सारखे धरतात. वहिनींनी पिशवीतून सराफाची पावती काढली. पाटल्या मोडल्याची, खरेदीच्या आठ दिवस आधीची. कडेला हळदीचा डाग. त्या एका चिटोऱ्यावर निम्मा हिस्सा पक्का झाला.

निम्मं घर म्हणजे काय, मोरी त्यांची आणि चूल आमची? तसं होत नाही. परक्यानं मालकांचा हिस्सा लिलावात घेतला तरी तो ट्रंक घेऊन तुमच्यात राहायला येऊ शकत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४४ वं कलम त्याला कुटुंबाच्या राहत्या घरात शिरू देत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. आणि त्यानं तो लावला की १८९३ च्या वाटप कायद्याचं चौथं कलम कामाला येतं. कोर्ट हिश्श्याची किंमत ठरवतं, ती भरून घरातला हिस्सेदार तो हिस्सा घेऊ शकतो. वहिनींनी तेच केलं. थोडे भावानं दिले, थोडे सोन्यावर काढले. घर राहिलं. एक माग विकावा लागला.

आता दुसरं घर. तेवढंच, तसंच. फक्त इथं वहिनींनी सह्या केल्या होत्या. टेबलावर फॉर्म, कारकुनानं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या, फुली दिसेल तिथं सही. कागद कानडीत आणि इंग्रजीत. विचारलं तर उत्तर काय, ‘काही नाही हो वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी.’ त्या फॉर्मॅलिटीनं त्या सहकर्जदार झाल्या, आणि घर तारण. सहकर्जदारानं निम्मं फेडलं की सुटला, असं नसतं. धनको, म्हणजे कर्ज देणारा, सगळं कर्ज दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. जामीनदाराचंही तेच. आणि तारण घेतलेल्या धनकोला नादारीचा अर्ज अडवत नाही. बाकीचे वाटणीच्या रांगेत उभे राहतात, हा घर विकून मोकळा होतो.

बँक असेल तर २००२ चा सरफेसी कायदा येतो, कोर्टात दावा न लावता बँकेला तारण विकू देणारा. आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये मुरगूडच्या एका बँकेच्या खटल्यात ठरवून टाकलं. सोसायटीचं वेगळं, ती सहकार खात्याच्या निबंधकाकडं दावा लावते. ताब्याविरुद्ध दाद मागायला ४५ दिवस, आणि तेही बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात. ताब्याची नोटीस दोन पेपरांत छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला. इथली स्थानिक भाषा कुठली, हा वाद आज काढत नाही! पण जो पेपर आपल्या घरी येत नाही त्यात आपल्या घराची जाहिरात आलेली मी पाहिलीय. लिलावाची जाहिरात लागेपर्यंत सगळी थकबाकी खर्चासकट भरली तर घर सुटतं. त्या वहिनींना जाहिरात लागल्यावर शेजारणीनं सांगितलं.

मग एखादा शहाणा सुचवतो, बक्षीसपत्र करून सगळं वहिनींच्या नावावर करा. बुडायच्या बेतात असताना हे करू नका. मालमत्ता फुकट दिल्यापासून दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर रिसीव्हर तो व्यवहार रद्द करून घेतो. वर, लबाडी केली म्हणून नादारीतून सुटका मिळणंही अवघड होतं.

मंगळसूत्र? नाही, त्याला हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, हे सगळं जप्तीतून वगळलंय. शेतकऱ्याचं राहतं घरसुद्धा, पण तो स्वतः शेती करत असेल आणि घर गहाण नसेल तर. येळ्ळूरकडच्या दोघी-तिघी मागं बसल्यात, त्यांच्यासाठी सांगितलं.

कागद आणले असतील त्यांनी आता पुढं या. कानडीतले असले तरी चालतील, मी वाचून सांगते. सह्या कुठं कुठं केल्यात, तेवढं आधी दाखवा.