होडीला पाणी पाजताना

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या काळ्या मातीत वसलेल्या आपल्या इंदुरात कोणी लाकडी मोटारबोटीविषयी बोलू लागले, तर ऐकणारा त्याच्याकडे थोड्या संशयानेच पाहणार, याची मला कल्पना आहे. ही बोट मी हौसेने विकत घेतलेली नाही. महेश्वरचा मामांचा वाडा रिकामा करताना ‘न्यायची तर न्या, नाहीतर चुलीत जाईल’ असा निरोप आला आणि ती माझ्या वाट्याला आली. चौदा फूट लांब, सागवानी फळ्यांची, आणि सोबत गोणपाटात गुंडाळलेले, बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायचे एक ब्रिटिश सीगल इंजिन. तीसेक वर्षांत दोघांनाही पाणी लागलेले नव्हते.

बोट पाहायला येणारा प्रत्येक जण आधी इंजिनाची चौकशी करतो. मी मात्र आधी लाकडाविषयी बोलणार आहे, कारण माझ्या हातून झालेली मोठी चूक लाकडातच झाली.

लाकूड वाळते तेव्हा ते लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. पावसाळ्यातल्या ओलाव्यात बसवलेली सहा इंची सागवानी फळी आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत एक-दोन मिलिमीटर तरी अरुंद होते, आणि फळीला फळी भिडवून बांधलेल्या बोटीत अशा सात-आठ फळ्या एका बाजूला असल्या, की प्रत्येक सांध्यातून पलीकडचा उजेड दिसू लागतो. मी हा उजेड पाहिला आणि घाबरलो. दुकानदाराच्या सल्ल्याने दोन रसायने मिसळून दगडासारखा घट्ट होणारा एपॉक्सी आणला आणि ऐन मे महिन्यात सगळे सांधे भरून, घासून, गुळगुळीत करून टाकले. बोट इतकी सुरेख दिसू लागली, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

ऑगस्टमध्ये, झडीच्या एका रात्री, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून अडकित्त्याने सुपारी फोडावी तसा आवाज आला. सकाळी पाहिले, तर आतल्या दोन फासळ्यांना तडे गेलेले. फळ्या दमट हवेने फुगू पाहत होत्या, पण त्यांनी फुगून जिथे जायचे ती जागा मी आधीच दगडाने बुजवली होती. मग त्या जोराने फासळ्याच मोडल्या. खरे म्हणजे अशी बोट बांधणारा कारागीर लाकडाचे हे फुगणे हिशेबात धरूनच चालतो. सांध्यात सुताची वात ठासतो, वरून मऊ लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो आणि उरलेले काम पाण्यावर सोडतो. पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगतात, एकमेकींवर दाब देतात, वात दाबली जाते आणि सांधा बंद होतो. मी जे भोक समजत होतो, ते त्या बोटीचे श्वास घ्यायचे अंतर होते.

तो एपॉक्सी खरवडून काढायला मला दोन महिने लागले. या कामात जुना रंगही निघाला. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा न घासता ओला करून घासावा, तोंडावर चांगला मास्क असावा आणि अंगणात मुले नसावीत, एवढे मी आवर्जून सांगेन. त्यानंतर पुढच्या जूनपर्यंत काहीही केले नाही. काहीही न करणे हे या कामातले सर्वांत अवघड काम आहे. घरचे लोक त्याला आळस म्हणतात.

पहिल्या पावसानंतर बोटीच्या आत-बाहेर गोणपाट पसरून ते सकाळ-संध्याकाळ भिजवायला सुरुवात केली. पाचेक आठवड्यांत उजेडाच्या रेघा बारीक झाल्या, आणि तेव्हा कुठे सुताची वात आणि अळशीच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली लांबी सांध्यांत भरली. आमच्या सुताराने आयुष्यभर दारे-खिडक्या केलेल्या. फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ करून द्यायची त्याची फार इच्छा होती आणि ती त्याने मला अनेकदा बोलून दाखवली. मोडलेल्या फासळ्या मात्र त्याने बोटीच्या वळणाबरहुकूम अशा काही बसवल्या, की नव्या कोणत्या हे आता मलाही शोधावे लागते.

खिळ्यांचे प्रकरण वेगळेच निघाले. मूळ खिळे तांब्याचे होते. पण मध्यंतरी कोणीतरी केलेल्या दुरुस्तीत लोखंडी स्क्रू वापरले होते आणि अशा प्रत्येक स्क्रूभोवती लाकूड काळे पडून भुगा झाले होते. ओल्या लाकडात तांबे आणि लोखंड शेजारी आले, की लोखंड झपाट्याने गंजते आणि गंजताना लाकडालाही खाते. म्हणून कसेरा बाजारातून तांब्याची जाड तार आणून तिचे खिळे करून घेतले. हा खिळा बाहेरून आत ठोकायचा, आतल्या टोकावर तांब्याची चकती चढवायची आणि टोक ठेचून पसरवायचे. ठेचत असताना बाहेरून खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरायला दुसरे माणूस लागतेच. एकशे चाळीस खिळ्यांना हे लोखंड माझ्या पत्नीने धरले, आणि माझे किती घाव चुकले याचा हिशेबही तिनेच ठेवला.

आता इंजिन. बोटीच्या मागे अडकवायचे इंजिन व्यापारी पातळीवर चालवून दाखवले ते नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओल एव्हिनरूडने, १९०९ साली. ते दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन बासष्ट पौंड, म्हणजे अठ्ठावीस किलो, होते. त्याची पत्नी बेस हिने जाहिरात लिहिली, तिचा आशय असा, की वल्ही मारू नका, ती फेकून द्या आणि एव्हिनरूड वापरा. सीगल हे त्यानंतरचे, १९३१ पासून इंग्लंडमध्ये तयार होऊ लागलेले इंजिन. त्याचा साधेपणा मला फार आवडतो: वरच्या चक्राला दोरी गुंडाळून ओढायची, आणि खाली पंख्याला जोराचा धक्का बसला तर तो सोसायला एक स्प्रिंग.

आमच्या इंजिनाचा पिस्टन जाम होता. येथे हातोडी उचलणाऱ्याने इंजिन गमावले असे समजावे. प्लगचे भोक वर येईल असे इंजिन आडवे ठेवून आत डिझेल आणि तेल ओतले आणि रोज सकाळी चक्र हाताने हळूच हलवून पाहिले; अकराव्या दिवशी ते केसभर सरकले. ठिणगीसाठी राजदूत आणि येझदी मोटारसायकली दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट घासून त्यांच्यातले अंतर अर्धा मिलिमीटर ठेवले, जुना कंडेन्सर बदलला आणि पैसे घेण्याऐवजी बोट पाण्यात उतरेल तेव्हा बोलवा, असे सांगितले. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला फुगवते. म्हणून वायसर बदलले आणि इंजिन बंद केल्यावर टाकी रिकामी करायची सवय लावून घेतली.

दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरून, त्याच्या काठाला इंजिन अडकवून ते सुरू केले, तेव्हा गल्लीतली मुले महापालिकेची डासांची धुराची गाडी आली समजून धावत आली. त्यात त्यांची चूक नव्हती. या जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागते, आणि अशा इंजिनातून इंधनाचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो. बाहेर पडतो म्हणजे थेट पाण्यात, कारण धुराड्याचे तोंड पाण्याखालीच असते. पिंपातल्या पाण्यावर पसरलेला तो रंगीबेरंगी तवंग पाहिला आणि यशवंत सागरावर बोट न्यायचा बेत मी तिथेच सोडला. तो तलाव शहराला पिण्याचे पाणी देतो, तिथे सारस उतरतात आणि २०२२ पासून तो सिरपूर तलावाप्रमाणेच महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. इंजिन आता महिन्यातून एकदा पिंपात दहा मिनिटे चालते आणि नंतर ते पाणी मी नालीत न सोडता वरचे तेल टिपून घेतो.

बोट मात्र सांवेरच्या बाजूला एका नातेवाइकांच्या शेततळ्यात उतरवली. फळ्या फुगाव्यात म्हणून आत दगड ठेवून ती काठोकाठ बुडवली, तेव्हा आलेले मिस्त्री बराच वेळ काही बोललेच नाहीत. चार दिवसांनी दगड काढून पाणी उपसले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाला एक बादली पाणी आत येत होते, तिसऱ्या दिवशी दिवसाला तीन बादल्या. मामांची वल्ही वाड्यातच कुठे तरी गेली होती, म्हणून नवी करून घेतली. बेसबाईंची क्षमा मागून. गेल्या रविवारी मिस्त्रींना बसवून तळ्याला सहा फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी आतले पाणी मोजले. दोन तांबे भरले.

नमस्कार.