काय करता? काय नाय, घराकच असतंय

नमस्कार मंडळी, पावसाने लाईट गेली नसेल आणि रेडिओ लागला असेल तर जरा वेळ बसा. आज रोजगाराच्या सर्व्हेबद्दल बोलायचंय, म्हणजे सरकार मोजतं ना, किती लोकांना काम आहे, किती जण बेकार, ते.

झालं असं, मे महिन्यात आमच्या वाडीत सर्व्हेवाली मुलगी आली, हातात टॅब, मी आपला घरं दाखवायला सोबत. शेजारच्या काकींना तिने विचारलं, तुम्ही काय काम करता? काकी म्हणाल्या, "मी खंय काय करतंय बाये, घराकच असतंय." आणि बोलताना हात चालूच, पुढ्यात रतांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा ढीग, फोडून सोलं वेगळी काढतायत, त्यातली निम्मी घरात राहणार, निम्मी मालवणच्या बाजारात विकायला जाणार, आणि हेच हात फेब्रुवारीत ओले काजूगर काढतात, चिकाने बोटांची सालं निघतात ती वेगळीच. मुलगी टॅबवर बोट टेकवणार एवढ्यात मी म्हटलं, थांब गो, ही सोलं कुठे जातात ते विचार आधी.

कारण नियम काय आहे, मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी निदान १ तास जरी कमाईचं काम केलं तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामावर धरतात. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावला तरी चालतं, स्वतःच्या भातशेतीत राबलात तरी चालतं. पण नुसतं घरकाम सांगितलंत तर कोड ९२, आणि घरकामासोबत लाकूडफाटा, गुरांचा चारा, घरापुरतं शिवणकाम वगैरे असेल तर ९३. हे दोन्ही कोड म्हणजे कामगारांत नाही आणि बेकारांतही नाही, हिशोबाच्या बाहेरच. आता गंमत बघा, काकींच्या एकाच ढिगातलं जे सोल बाजारात गेलं ते काम, आणि जे घरच्या सोलकढीत पडलं ते काम नाही! हात तेच, ऊन तेच. मला हे आजवर पटलेलं नाही.

हा सर्व्हे २०१७ पासून चालतो, त्याआधी साधारण ५ वर्षांनी एकदा मोठा सर्व्हे व्हायचा, आणि जानेवारी २०२५ पासून तर त्याची पद्धत बदलली, आता दर महिन्याला आकडे येतात, खेड्यांचेसुद्धा. चांगलंच आहे. पण आपल्याकडे कुठल्या महिन्यात विचारलं यावर उत्तर फिरतं हो. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला माणूस मिळत नाही, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा बंदरावर होड्या शाकारलेल्या, जाळी विणत बसलेला माणूस विचाराल तर म्हणेल, सध्या काय नाय. अहो, जाळं विणणं हे काम नाही तर काय आहे?

दुसरं एक सर्वेक्षण मला जास्त आवडतं, वेळेचा वापर मोजणारं. देशभर पहिल्यांदा २०१९ मध्ये झालं, मग २०२४ मध्ये. त्यात "काम करता का" असं विचारतच नाहीत, पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते विचारतात. तिथे मग निघालं की ६ वर्षांपासून वरच्या ज्या बायका-मुली बिनपगारी घरकाम करतात त्यांचा दिवसाला २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८, आणि तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचाच. (आमच्या घरचं विचारू नका.)

आणि आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार? मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत राहतात, रात्री बॅटरी घेऊन माकडं हाकलतात. ट्रॉलरवरचे खलाशीसुद्धा आता पुष्कळ बाहेरचेच, होडीवरच झोपतात, तिथेच जेवतात. सर्व्हे चालतो घरांच्या यादीवर, मग मांगर आणि होडी त्या यादीत कितीशी येणार? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये चक्क घटली, आपली माणसं मुंबईला, आणि ज्या गावांनी एकेकाळी गिरणगावाला माणसं पुरवली तीच गावं आता आंबा उतरवायला नेपाळहून माणसं आणतात. त्यांचे कामाचे तास, पगार, झाडावरून पडलं तर दवाखाना कोणाच्या खर्चाने, हे विचारायला मांगरापर्यंत चढून जावं लागतं, टॅब घेऊन अंगणात बसून नाही कळत.

तर तुमच्या वाडीत कोण आलं विचारायला, तर "काय नाय" म्हणू नका बाबांनो, मागच्या सोमवारपासून काय काय केलं ते एकेक दिवस आठवून सांगा, तरवा (भाताची रोपं) काढला, सुकट वाळवली, दुकानात बसलात, सगळं. काकींचं त्या दिवशी शेवटी काम म्हणून लिहिलं गेलं. पण ते लिहून घ्यायला मुलीला पाऊण तास लागला आणि तिला त्या दिवसात अजून सहा घरं करायची होती, उन्हातून चालत.