अळी दिसल्यावर ट्रायकोकार्ड लावताय? थांबा, आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत माझ्या हातात एक ट्रायकोकार्ड होतं, बोलत होते भलत्याच विषयावर, पण तेव्हापासून कॉमेंटमध्ये तेच चाललंय. ताई हे काय आहे, ताई कुठं मिळतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ताई मी लावलं होतं, काही फरक पडला नाही. या शेवटच्या कॉमेंटसाठीच आजचा व्हिडिओ आहे. त्यात सुरू ऊस, म्हणजे हिवाळ्यात लावलेला ऊस, आता दीड महिन्याचा होत आलाय, म्हणजे वेळही हीच आहे.

बेसिक पटकन सांगते. ट्रायकोग्रामा ही एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी, पण अर्धा मिलिमीटरची, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, डंख वगैरे काही नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिची अळी आतला बलक खाते, आणि त्या अंड्यातून खोडकिडीची, म्हणजे उसाचं खोड आतून पोखरणारी अळी निघायच्या ऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. कार्डावर अशीच, आत आधीच ट्रायकोग्रामा वाढत असलेली पतंगाची काळी अंडी डकवलेली असतात, एका कार्डावर साधारण वीस हजार. झालं बेसिक.

आता मुद्द्याचं. ही माशी अंड्यात काम करते. अळीवर करत नाही. कोषावर करत नाही. पतंगावर करत नाही. फक्त अंड्यात, आणि तेही ताजं अंडं असेल तर तिला जास्त आवडतं. म्हणजे तुम्ही उसात गेलात, पोंगा मर, म्हणजे मधला कोंब वाळलेला दिसला, पोंगा ओढला, तो अलगद हातात आला, खाली कुजका वास आला, आणि मग तुम्ही कार्ड आणायला पळालात, तर ते कार्ड त्या अळीचं काहीही करणार नाही. अळी खोडाच्या आत बसलीये. अर्धा मिलिमीटरची माशी तिथं जाऊन काय करणार?

आमच्या चुलत्यांचंच सांगते. दोन एकर ऊस, पोंगा मर भरपूर झाली, मला फोन आला की तुझ्या त्या माशा पाठव. मी म्हटलं काका, आता उशीर झालाय, या पिढीला नाही चालणार, तरी ते म्हणाले पाठव. दोन कार्डं लावली, आठ दिवसांनी फोन, एकही अळी मेलेली नाही. मरणारच नव्हती ओ! पण गावात मात्र बोललं गेलं की ट्रायकोकार्ड बोगस आहे. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चांगली गोष्ट चुकीच्या दिवशी वापरली की तिचं नाव खराब होतं आणि पुढची पाच वर्षं त्या गावात कोणी तिला हात लावत नाही.

मग योग्य दिवस कुठला? तो सांगतो कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावून नर पतंग पकडणारा सापळा. पतंग सापळ्यात दिसायला लागले म्हणजे शेतात अंडी पडायला लागली, आणि अंडं चार-सहा दिवसांत फुटतं. तेवढीच तुमची खिडकी. त्यासाठीच कार्ड एकदा लावून भागत नाही, दर दहा दिवसांनी लावायचं, कारण पतंग काही एका रात्रीत सगळी अंडी घालून निघून जात नाहीत. उसाला हेक्टरी ५० हजार अंडी, म्हणजे एकराला एक कार्ड धरा.

विदर्भातल्या एका दादांची कॉमेंट होती, कपाशीत डोमकळ्या दिसतायत, आता कार्ड लावू का? दादा, परत तेच. डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळी फुलाच्या आत शिरून पाकळ्या गुंडाळून बसलीये, अंड्याचा विषय केव्हाच संपला. त्या डोमकळ्या तोडून नष्ट करा, आणि सापळे लावून पुढच्या पिढीच्या पतंगांवर नजर ठेवा. आणि एक गोंधळ होतो बघा, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणी घ्या असं तुम्ही वाचलेलं असतं, ती पातळी फवारणीची आहे, कार्डासाठी आठ व्हायची वाट बघायची नाही, पतंग यायला लागले की कार्ड. आणि कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी जात पण वेगळी आहे, ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री, उसासाठीच्या ट्रायकोग्रामा चिलोनिस या जातीचं कार्ड उचलून तिकडं लावू नका, घेताना कार्डावर नाव वाचा.

हे कार्ड बनतं कसं ते थोडं सांगते, कारण एम.एस्सी.ला असताना दोन वर्षं माझं हेच काम होतं. लाकडी पेटीत अडीच किलो भरडलेली ज्वारी, थोडा शेंगदाण्याचा कूट, यीस्ट, गंधक, आणि त्यात तांदळावरच्या पतंगाची अंडी, कॉर्सायरा म्हणतात त्याला. महिना-सव्वा महिन्यात पतंग निघतात, ते रोज गोळा करायचे, अंडी चाळून घ्यायची, आणि यूव्ही दिव्याखाली ठेवायची म्हणजे त्यातून अळी निघत नाही. मग डिंक लावून कार्डावर पसरायची आणि ट्रायकोग्रामाला सोडायचं. चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात. त्या पतंगांच्या पंखांचे खवले हवेत उडतात, आमच्या लॅबमधल्या एक मावशी रोज तोंडाला ओढणी बांधून बसायच्या तरी खोकायच्या. तुमच्या हातात ते कार्ड येतं त्यामागं एवढं आहे. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टॅन्ली फ्लँडर्स या कीटकशास्त्रज्ञानं धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही माशी मोठ्या प्रमाणात वाढवायची पद्धत बसवली, त्याच रस्त्यानं आजही काम चालतं.

मी या विषयात आले ती लोकरी माव्यामुळं, म्हणजे उसाच्या पानाखाली बसून रस शोषणाऱ्या पांढऱ्या लोकरीसारख्या किडीमुळं. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला तेव्हा मी शाळेत होते. उसाची पानं खालून पांढरीफेक, वरून काजळी, बाबा संध्याकाळी बांधावर नुसते उभे राहायचे. उंच उसात फवारणार कसं आणि किती? मग कोनोबाथ्रा आला, आता त्याला डिफा म्हणतात. ही पतंगाची अळी आहे आणि ती मावा खाते! बाबांनी कोनोबाथ्रा असलेली पानं दुसऱ्या गावातून आणून आमच्या उसात ठेवली होती. सोबत मायक्रोमस, पुढं एन्कार्सिया, हेही माव्याचे शत्रू कीटकच, आणि मावा आटोक्यात आला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की पिकावरची प्रत्येक अळी शत्रू नसते. हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे परवा एका ताईंनी फोटो पाठवला, काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी, खाली प्रश्न, कुठलं औषध मारू? ताई ती ढालकिड्याची अळी आहे, ती तुमचा मावा खातीये. प्लीज मारू नका.

आता कार्ड लावायचं कसं. पट्ट्या कापायच्या, आठ-दहा, आणि शेतभर पसरून लावायच्या, कारण ही माशी फार लांब जात नाही, पाच-सात मीटर धरा. पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी, स्टेपलरची पिन अंड्यांवर मारायची नाही. मुंग्या असतील तिथं लावू नका, त्या रात्रीत अंडी साफ करतात. आणि रासायनिक फवारणी कार्डाच्या आधी-नंतर किमान आठवडाभर नको. सकाळी कार्ड आणि दुपारी फवारणी असं करणारे लोक मी पाहिलेत, त्यापेक्षा कार्ड घेऊच नका, खरंच. कार्ड आणल्यावर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, माश्या डिकीतच निघतात. चार दिवस थांबायचंच असेल तर फ्रीजच्या भाज्यांच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही.

काम झालं की नाही हे मेलेल्या अळ्या मोजून कळत नाही, हेच मी काकांना सांगत होते. पानं उलटून बघा. खोडकिडीची अंडी पानाच्या मागं खवल्यांसारखी एकावर एक रांगेत असतात. प्रत्येक अंड्यात बारीक काळा ठिपका दिसत असेल तर ते अळीचं डोकं, आता अंडं फुटणार. अख्खं अंडं काळंकुळकुळीत असेल तर आत ट्रायकोग्रामा आहे. कार्डाची पट्टीसुद्धा चार-पाच दिवसांनी भिंगातून बघा, काळ्या अंड्यांना बारीक भोकं पडलेली असतील तर माश्या निघाल्या, भोकं नसतील तर कार्ड जुनं होतं किंवा उन्हानं गेलं, जिथून घेतलं तिथं परत दाखवा.

या आठवड्यात सापळ्यात पहिला पतंग दिसला की तारीख खाली लिहा, तालुका पण लिहा. सगळ्यांच्या तारखा एकत्र करून मी पुढच्या रविवारी लाइव्ह येते.