दोन सेकंदांची वरकमाई

श्रोतेहो, नमस्कार. माझं हे बोलणं संपेल, तोवर ब्लिट्झ खेळणाऱ्याच्या घड्याळातली तीन मिनिटं जवळपास उडालेली असतील. बुद्धिबळाचा अख्खा डाव खेळायला भांडवल एवढंच. वर प्रत्येक चालीमागे दोन सेकंद मिळतात, ती वरकमाई.

जून 2025, लंडन. जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेची उपांत्य फेरी. एका पटावर नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, पांढरी मोहरी घेऊन. समोर चीनची होउ यिफान. सोळाव्या वर्षी जगज्जेती झालेली, चारदा तो किताब मिळवलेली आणि महिलांच्या क्रमवारीत अव्वल.

होउनं सुरुवातीला उभारलेल्या सिसिलियन बचावाला दिव्यानं अलापिन पद्धतीनं तोंड दिलं. म्हणजे दुसऱ्याच चालीला वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. पाठ केलेल्या चालींच्या रानात न शिरता पटाचा मध्य धरायची ही तयारी. ब्लिट्झमध्ये हे शहाणपणाचं, कारण सुरुवातीला वाचवलेले दहा-वीस सेकंदच शेवटी उपयोगी पडतात.

डाव सत्तर चालींच्या पुढे गेला. हिशेब करून बघा, सत्तर चालींना प्रत्येकीच्या वाट्याला साडेपाच मिनिटंसुद्धा येत नाहीत! अशा डावाचा शेवट निव्वळ वरकमाईवर काढावा लागतो. त्यात ज्या हातानं चाल केली, त्याच हातानं घड्याळ दाबायचं. घाईत हत्तीचा धक्का लागून शेजारचं प्यादं आडवं झालं, तर ते उभं करायचं आपल्याच वेळात. नियमबाह्य चाल झाली, तर प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट बहाल. पुन्हा झाली, की डावच गेला.

दिव्या जिंकली. खुद्द पंतप्रधानांनी अभिनंदन केलं. आता एका ब्लिट्झ डावानं होउची उंची काही तसूभर कमी होत नाही, आणि दिव्याचा हेक्सामाइंड संघ त्या फेरीत अडला, कांस्यपदकावर थांबला. पण मला त्या स्पर्धेची एक अट फार आवडते. सहा पटांपैकी किमान एकावर महिला खेळाडू हवीच. खुर्ची नियमानं मिळालेली असेल, पण तिथं कमावलेल्या गुणाचं मोल उरलेल्या पाच पटांइतकंच.

पुढच्याच महिन्यात जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर भारताचीच कोनेरू हंपी. दोन पारंपरिक, म्हणजे भरपूर वेळाचे, डाव बरोबरीत सुटले आणि निकाल कमी वेळाच्या जलद डावांवर गेला. तिथं घड्याळाच्या कचाट्यात सापडली ती हंपी, आदल्या डिसेंबरात जलद प्रकाराची जगज्जेती ठरलेली! डाव संपला, दिव्या जिंकली, आणि आईला मिठी मारून ढसाढसा रडली.